थंड कपाट कुणाचे

तू गेल्यापासून या ओसरीवर तुझ्याविषयी जेवढे बोलले गेले, त्यातले निम्मे मी नाकबूल करतो. उरलेल्या निम्म्याला माझी हरकत नाही. पण ते सांगण्याचा अधिकार या लोकांना कोणी दिला, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दुखवट्याला येणारा माणूस उंबऱ्याशी वहाणा काढतो, उपरण्याने डोळे पुसतो, माझ्याशेजारी टेकतो, आणि घटकाभरात त्याची नजर माझ्या खांद्यावरून माजघराकडे वळते. "ते थंडं कपाट म्हंत्यात ते हेच का?" असे तो विचारतो. मग त्याला काहीतरी आठवते. तू त्याच्या लेकीच्या बाळंतपणात बर्फाचा खडा दिला होतास. तू त्याच्या आईचे लोणी महिनाभर सांभाळले होतेस. हिंगोलीच्या कोर्टात माझी सारी हयात गेली, मी उभा राहिलो की समोरचे वकील कागद चाळू लागत. पण तुझ्या नावाला जोडून लोक माझे नाव घेत नाहीत, त्या पांढऱ्या लोखंडी पेटीचे घेतात. तू होतीस तोवर हे मी सहन केले. तुझ्यामागेही सहन करावे, असे कारण मला दिसत नाही. म्हणून हे लिहितो आहे. वाचणार कोणीही असो, ऐकून तूच घ्यायचे आहे. कारण या दाव्यात प्रतिवादी तू आहेस.

पहिली खोटी साक्ष तुझ्या पुसेगावच्या भावाची. तुझ्या दहाव्याला घाटावर बसून त्याने चारचौघांत सांगितले, की ते कपाट मुळात ओळखले अक्कानेच. "समदे म्हनले तिजोरी हाय. अक्कानं निस्ता हात लावला अन म्हनली, दादा, हे थंडं कपाट." लोकांनी माना डोलावल्या. दहाव्याच्या दिवशी भांडू नये म्हणून मी गप्प राहिलो. आता ऐक.

छावणीच्या बाजूच्या त्या बंगल्यातला रेल्वेचा गोरा इंजिनिअर आपल्या देशी परत निघाला होता आणि त्याचे सामान अंगणात विकायला मांडले होते. तिथे मी होतो, तुझा भाऊ होता, बाजारातली दहा-वीस माणसे होती. तू नव्हतीस. त्या दिवशी तू इथे परसात कुरडया घालत होतीस. अंगणात एक पांढरे कपाट उभे होते: बुटके पाय, वीतभर जाड दार, मागून वर गेलेली एक काळी नळी. कोणी म्हणाले, पाव भाजायची भट्टी. तुझ्या भावाने दारावर बोटांनी टकटक केले आणि निकाल दिला, "दाजी, ही तिजोरीच हाय. दार बगा की, कसं जाडजूड हाय."

मी खाली वाकलो. घासलेटाचा वास आला. तळाशी मागच्या अंगाला तेलाची टाकी आणि गोल वात होती, नळीत आतून काजळी होती. आतल्या वरच्या कप्प्यात पत्र्याचे लहान लहान खण केलेले होते. तिजोरीला वात नसते आणि भट्टीचे दार आतून थंड पांढरे नसते. मी उठून सांगितले, "हे शीतकपाट आहे. खाली दिवा लावायचा, वर बर्फ धरतो." सगळे अंगण हसले. तुझा भाऊ सर्वांत मोठ्याने हसला. "इस्तवानं बरफ व्हतो व्हय दाजी? मग चुलीवर दही लावा!"

ओळखले ते मी. या वाक्यापुढे मी पूर्णविराम देतो.

पण पुढच्या साऱ्या वर्षांत तुझा भाऊ हीच गोष्ट उलटी करून सांगत असताना तू काय करत होतीस? तू पदर तोंडाशी धरून हसत होतीस. 'न्हाई रे दादा, ह्यांनीच वळखलं' एवढे पाच शब्द तुझ्याच्याने निघाले नाहीत. तुझ्याविरुद्धचा माझा पहिला पुरावा म्हणजे ते हसणे.

कपाट तुझ्याच भावाच्या बैलगाडीतून आले, हे मी मान्य करतो. ते सबंध वाटभर उभे आले, आडवे पडले नाही, याचे कारण मी गाडीत त्याला पाठ लावून बसलो होतो. दारात उतरवल्यावर आपला पहिला वाद झाला, आणि तो वाद आजतागायत निकालात निघालेला नाही. मला ते बैठकीत हवे होते. तिथे शहाबादी फरशी आहे, पक्षकार बसतात, त्यांना दिसले असते. तू कमरेवर हात ठेवून विचारलेस, "पक्षकारांना काहून थंडी वाजवता? दूध-दही माजघरात, अन कपाट बैठकीत?" आणि गड्यांना सरळ माजघराचे दार दाखवलेस.

मी त्या कपाटाबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका काढली आणि तुला अर्थ सांगितला. हे यंत्र समतळ जागेवर उभे राहिले पाहिजे. यात पंप नाही, चाक नाही. आतला द्रव ज्योतीच्या उष्णतेने वर चढतो आणि आपल्याच वजनाने खाली ओघळतो. कपाट जरा कलले की तो वाटेत अडतो आणि थंडी थांबते. मातीच्या सारवलेल्या जमिनीवर हे चालणार नाही.

"जमीन मी सारवलेली हाय," तू म्हणालीस. "ती वाकडी असती, तर इतकी वर्सं तुमच्या ताटातलं वरण सरळ कसं ऱ्हायलं?"

आळीतल्या बायका तोवर जमल्या होत्या. मी त्यांच्यादेखत तुला उपाय सांगितला. बशीत पाणी घे, कपाटाच्या माथ्यावर ठेव. पाणी ज्या काठाला जास्त चढेल, ती बाजू खाली आहे असे समज. पाणी खोटे बोलत नाही.

तू म्हणालीस, "बाई गं! वकिलाच्या घरात आता पान्यानंबी साक्ष द्यायची!"

त्यावर उसळलेले बायकांचे हसणे अजून माझ्या कानात आहे. कपाट माजघरात राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात बर्फ धरला, आणि तू बर्फाचा पहिला खडा माझ्या हातावर न ठेवता देवापुढे ठेवलास. तो वितळून ताम्हनात पाणी झाल्यावर मला तीर्थ म्हणून दिलास. मी ते घेतले. थंडही नव्हते.

इथून पुढचे लिहिताना माझा हात जड होतो. पण तो दुःखाने होतो असे तू समजू नकोस. मला त्या कपाटाचा हेवा वाटत असे आणि आजही वाटतो. तू त्याचा दिवा कधी फुंकरीने विझवला नाहीस. दिवा विझवायचा नसतो, असे तू म्हणायचीस; मग तो देवघरातला असो नाहीतर कपाटाखालचा. बर्फाचा थर फार जाड झाला की ज्योत काढून कपाट उघडे ठेवायचे, हे पुस्तिकेत होते, आणि त्यासाठी तू अमावास्या नेमलीस. त्या दिवशी तू काकड्याने ती ज्योत कंदिलात घ्यायचीस. कंदील भिंतीतल्या देवळीत ठेवायचीस. कपाट उघडे टाकून बर्फ विरघळू द्यायचीस, जुन्या धोतराच्या फडक्याने आतून कोरडे पुसायचीस, नळीतली पिळाची पट्टी काढून काजळी झाडायचीस, वातीचा जळका काठ कात्रीने एकसारखा करायचीस, आणि मग कंदिलातली ज्योत पुन्हा त्याच्या पोटात. लावल्या दिवसापासून तीच ज्योत, असा तुझा अभिमान होता. दर अमावास्येला माझे जेवण मात्र तिसऱ्या प्रहरी व्हायचे.

आणि तू त्याच्याशी बोलायचीस. बाजूच्या फटीला डोळा लावून विचारायचीस, "का रे, निळा हायस न्हवं?" ज्योत निळी म्हणजे सारे ठीक, पिवळी पडली की काजळी धरते, हे तुला मीच वाचून दाखवले होते. पण 'रे'? मला तू जन्मभर 'अवो' म्हणालीस. रीत तशीच आहे, माझी तक्रार नाही. तरी बैठकीत कागद चाळत असताना माजघरातून तो 'रे' ऐकू आला, की मी वाचत असलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागे.

लढाईच्या दिवसांत घासलेट मोजून मिळू लागले, तेव्हा तू न्याय कसा केलास ते आठव. माझ्या टेबलावरच्या दिव्यातले तेल तू त्याच्या टाकीत ओतलेस. मी रागावून आत आलो, तर माझ्याकडे न बघता म्हणालीस, "अवो, खटला उद्या उजेडी वाचा. कुप्यांना उजेडी थंड राहून भागत न्हाई."

कुप्या. त्या कुप्यांनी तर माझे घरच माझे ठेवले नाही. सापाच्या आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरच्या इंजेक्शनांच्या त्या कुप्या उन्हाळ्यात टिकत नव्हत्या. आपल्याकडे थंड कपाट आहे असे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या कानावर गेले, आणि त्यांनी माझ्याकडे शब्द टाकला. मी हो म्हणालो. हे मी म्हणालो, तू नव्हे, हेही नोंद असू दे. पण डॉक्टर आले ते एकदाच. पुढे कुप्या ठेवायला आणि न्यायला येत राहिला तो लिंबाजी कंपाउंडर. ताठ मानेचा, पानाने ओठ रंगलेला, सगळे माहीत असलेला लिंबाजी. "वैनी, वात जरा उंच होऊन राहिली बरं का," असे दारातून ओरडत तो थेट माजघरात जायचा आणि तू त्याला चहा द्यायचीस.

माझी निळ्या काठाची बशी त्याच सुमारास नाहीशी झाली.

मी चहा बशीतून पितो. कपातून चहा पिणे हे तोंड पोळण्याचे काम आहे, हे माझे मत तुला ठाऊक होते. ती बशी गेल्यावर तू माझ्यापुढे वाटी ठेवलीस. बशी कुठे आहे असे मी विचारले, तर म्हणालीस, "असंल कुठंतरी." मी म्हणालो, "कंपाउंडरला दिलीस." तू म्हणालीस, "कंपाउंडर बशीतून पीतच न्हाई." मी म्हणालो, "तुला कसे ठाऊक?" त्यावर तू माझ्याकडे असे पाहिलेस, की मी उलटतपासणी तिथेच सोडली. पण मनातून सोडली नाही. त्यानंतरच्या प्रत्येक चहाला मी वाटी उचलली, तेव्हा तुझ्याकडे पाहिले. तूही पाहिलेस. असे किती चहा झाले असतील, त्याचा हिशेब मी ठेवला नाही.

कृतज्ञतेची एक गोष्ट लिहायची राहू नये, म्हणून ती इथेच लिहितो. कनेरगाव नाक्याकडच्या तांड्यातली ती बाई आठवते का, जिला शेतात साप डसला होता? तिला दवाखान्यात गाडीत घालून आणले, लिंबाजी धावत आला, तू कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवलीस. ती वाचली. महिन्याभराने ती काचा जडवलेली ओढणी घेऊन आली, कपाटाच्या पायाशी डोके टेकले, मग तुझ्या. तुझे डोळे भरून आले होते. ते मी पाहिले. आणि हे माझ्या घरात घडले याचा मला अभिमान वाटला, तो आजही वाटतो. मी उंबऱ्यात उभा होतो. ती बाई जाताना मला म्हणाली, "जरा सरका, बाबा."

तुझ्या दुखण्याविषयी मी लिहीत नाही. ते तुला माहीत आहे. तू पडून होतीस, तेव्हा दिव्याकडे मी पाहिले आणि ज्योत निळी ठेवली. हे मात्र तुला माहीत नसावे, कारण तू विचारलेस ते घरकामाच्या गयाबाईला. तू गेलीस, आणि तू पडली होतीस त्या जागी दिवा लावायची वेळ आली, तेव्हा भटजींनी काडी मागितली. मी काडी ओढू दिली नाही. कपाटाखालची ज्योत काकड्यावर घेऊन आलो आणि त्या दिव्याला लावली. लोकांना ते कळले नाही. तुझ्या भावालाही कळले नाही, नाहीतर तेही त्यानेच सुचवले असते.

तेराव्यानंतर आळीतल्या बायकांनी सारे घर झाडून, सारवून काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडले तर बर्फाच्या खणांत पाणी होते. त्याच्या पुढच्या दिवशीही पाणी. लोण्याला वास आला. ज्योत निळी, तेल भरलेले, नळी साफ. आणि आत माजघराइतकाच उकाडा. मी डॉक्टरांना निरोप पाठवला आणि कुप्या सुराहीच्या गारव्यात ठेवल्या.

आळीत बातमी फिरली. "मालकिनीमागं कपाटबी गेलं." एका बाईने तर कपाटाला हळदकुंकू लावले. या साऱ्यांना वाटते की लोखंड शोक करते. मी शोक करतो आहे असे कोणाच्या मनातही आले नाही.

आणि लिंबाजी आला. ओसरीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली, घसा साफ केला.

"वकीलसाहेब, वैनी होत्या तवर बराबर चाललं. आता तुमच्यानं ते होनार न्हाई. डाक्टरसाहेब म्हनून राहिले, कपाट दवाखान्यात आना. सोमवारी गाडी घेऊन येतो."

"आणि तिथे ते कोण चालवणार?"

"मीच की. वैनीला कुनी शिकवलं? मीच शिकवलं. वात, ज्योत, नळी, समदं."

हे वाक्य त्याने तुझ्या दुखवट्याला आलेल्या चार माणसांसमोर उच्चारले. मी विचारले, "आणि समतळपणा?"

"तो कशाचा?"

"कपाट समतळ उभे असावे लागते, हे तू तिला शिकवलेस का?"

लिंबाजी हसला. "साहेब, ते काय देवाची पालखी हाय का, कलली तर दोष लागंल?"

मी आणखी प्रश्न विचारला नाही. साक्षीदार पडला की वकिलाने खाली बसावे. मी एवढेच म्हणालो, "सोमवारपर्यंत कपाट थंड झाले नाही, तर घेऊन जा. झाले, तर तुझे शिकवणे तू परत घ्यायचे." तो कबूल झाला. पण तो गेल्यावर माझ्या मनात एक विचित्र प्रश्न उभा राहिला. लिंबाजीला हे ठाऊक नाही. तू ते हसण्यावारी नेलेस. मग मातीच्या जमिनीवर, जिथे दर सणाला सारवण होते, ते कपाट इतकी वर्षे थंड राहिले कसे?

तुला वाटेल मी दुःखात होतो. मी तपासात होतो.

सकाळी गयाबाई आली, तिला मी माजघरात हाक मारली. ही गया तुझ्या हाताखाली सारवणात, पाण्यात वाढली, पिकली. तुझ्याविषयी तिने ओसरीवर अवाक्षर काढले नाही, हे मी लक्षात ठेवले होते. मी तिला म्हणालो, "कपाट पुढे ओढायला हात लाव, आणि एक वाटी पाणी आण."

"वाटी काहून, मालक? बशी हाय की."

"कोणती बशी?"

ती कपाटामागे वाकली, तिथल्या देवळीत हात घातला आणि माझी निळ्या काठाची बशी काढून माझ्यापुढे धरली.

तिच्या आत पांढरी वर्तुळे होती. आपल्या विहिरीचे पाणी खारे आहे, ते सुकले की कड उमटते. एकात एक, एकात एक अशी वर्तुळे. बशीशेजारी देवळीत लिहायच्या फुटक्या पाटीचे पातळ तुकडे होते, एकावर एक नीट रचलेले.

"हे काय आहे?" मी विचारले.

"काकूंचं हाय," गया म्हणाली. "म्या दर सनाला सारवायची. काकू म्हनायच्या, ज्याच्या पोटात अन्न हाय त्याच्या पायाखाली सारवन पायजे, धान्याच्या कनगीखाली करतो तसं. म्होरचे पाय उचलून त्याच्याखाली सारवायची. मागं दिव्याची धग, तिथं हात जायाचा न्हाई. मग म्होरचं वर यायाचं अन कपाट मागं कलायचं. काकू बशीत पानी घ्यायच्या, वर ठिवायच्या, डोळा बारीक करून बगायच्या. मग मागच्या पायाखाली पाटीचा तुकडा सरकवायच्या. पानी बराबर झालं की म्हनायच्या, झालं बाई, वकील शांत झाले."

"कोण शांत झाले?"

गया लाजली. "त्या बशीला वकील म्हनायच्या."

मी तिथे असलेल्या पाटावर बसलो.

"मला का नाही सांगितले?"

"म्या इचारलं व्हतं, मालक. त्या म्हनल्या, गया, ह्यांना सांगू नगंस. त्यांचंच खरं निगालं म्हनून गावभर सांगत फिरतील, अन मला जलमभर ऐकावं लागंल."

मी तिला विचारले, तुझ्या तेराव्यानंतरच्या सारवणात पायाखालचे तुकडे कुठे गेले. तिने डोळ्याला पदर लावला. ती त्या दिवशी मागे परसात भांडी घासत होती. आळीतल्या बायकांनी कपाट हलवले, ते तुकडे खापऱ्या समजून केरात टाकले, आणि कपाट जमिनीवर तसेच टेकवले.

मी स्वतः बशी भरली. कपाटाच्या माथ्यावर ठेवली. पाणी मागच्या काठाला चढले आणि पुढचा काठ कोरडा राहिला. इतका कल की डोळा बारीक करण्याचीही गरज नव्हती. मी म्हातारा माणूस कपाटाला खांदा लावून उभा राहिलो, गयाने देवळीतले तुकडे एकेक करून मागच्या पायांखाली सारले. एक तुकडा जास्त झाला, काढला. पाणी चारी बाजूंना सारखे झाले, तेव्हा गया सवयीने म्हणाली, "झालं," आणि पुढचे चार शब्द तिने गिळले. ते मला ऐकू आले.

रविवारी खणांत पापुद्र्याएवढा बर्फ धरला. सोमवारी तो जाड होता. लिंबाजी गाडी घेऊन आला, तेव्हा मी त्याला कपाटात हात घालायला लावला. त्याने हात बाहेर काढून बोटे चोळली आणि म्हणाला, "वैनीचं पुण्य."

"पुण्य नव्हे," मी म्हणालो, "पाटीचे तुकडे. आणि ही पद्धत तिला मी सांगितलेली आहे. या घरात, बायकांसमोर, कपाट आले त्या दिवशी. गया साक्षीला आहे."

शिकवणे परत घेतो असे तो म्हणाला नाही; पण कुप्या सुराहीतून काढून त्याने पुन्हा कपाटात ठेवल्या आणि गाडी रिकामी परत पाठवली. मी त्याला चहा दिला. कप-बशी दिली आणि समोर बसून पाहत राहिलो. त्याने कप उचलला, बशी बाजूला सारली. मी विचारले, तर म्हणाला, "मला बशीची सवय न्हाई, साहेब. वैनीला ठावं व्हतं." या एका मुद्द्यावर तुझी साक्ष खरी ठरली, इतके मी नोंदवतो. त्याच्या बाकीच्या ऐटीविषयीचे माझे मत कायम आहे.

तर निकाल असा आहे. कपाट मी ओळखले. कपाट कसे राखावे हे मी सांगितले. आणि तू ते ऐकलेस. हसलीस, बायकांसमोर माझी टर उडवलीस, आणि बायका गेल्यावर माझीच बशी उचलून मी सांगितले तसेच केलेस. एकदा नव्हे, दर सणाला. लोक म्हणतात ते कपाट तू आळीसाठी राखलेस, दवाखान्यासाठी राखलेस, देवासाठी राखलेस. राखले असशील. पण राखले माझ्या शब्दावर. यावर आता कोणीही अपील करू नये.

असे असूनही मला झोप लागत नाही. कारण 'त्यांचंच खरं' हे तू म्हणालीस ते गयाबाईला. ते दोन शब्द ऐकण्यासाठी मी संसारभर तुझ्या तोंडाकडे पाहत राहिलो, आणि ते तिला सारवता सारवता मिळाले. कपाटाचा हेवा मी सहन करत आलो. लिंबाजीचा तर आता प्रश्नच उरला नाही. पण गयाबाई दारात आली की मला वाटते, हिच्याकडे माझे काहीतरी आहे. काल मी तिला ते वाक्य पुन्हा सांगायला लावले. तिने सांगितले. तुझ्या आवाजात नव्हते.

बशी मी परत घेतलेली नाही. माझा चहा वाटीतच आहे. बशी कपाटाच्या माथ्यावर भरून ठेवली आहे आणि रोज सकाळी मी तिच्यापुढे उभा राहतो. खाली ज्योत निळी आहे. वर पाणी चारी काठांना सारखे टेकले आहे. कुठल्याही कोर्टात चालेल असा पुरावा आहे. वाद मी जिंकलो आहे. आता एकदाच माजघरातून बाहेर ये, पदराला हात पूस, आणि नाकबूल कर.